दाणा दिसला पाहिजे : जुन्या पारदर्शिका शार्प स्कॅन करायच्या तर

दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावर केस असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि नशीब असेल तर त्यात अडकलेलं एखादं चिलट. १९८६च्या सप्टेंबरात कासच्या पठारावर ओल्या गवतात पोटावर पडून मी त्याचा फोटो घेतला होता. पुढे नोकरी संपेपर्यंत, कीटकभक्षी वनस्पतींचा तास आला की ती पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, वर्गाच्या भिंतीवर लागायची. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही केस मोजता यायचे. निवृत्त झाल्यावर सपाट काचेचा स्कॅनर घेतला, हौसेने पहिली तीच लावली, आणि पडद्यावर आला लाल लोकरीचा गुंता.

भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, "मावशी, तू ३२०० वर ठेवलंयस. ६४०० कर, शार्प येईल." केलं. फाइल चौपट झाली, संगणक घरघरायला लागला, आणि गुंता होता तसाच राहिला. आता तो मोठा दिसत होता एवढंच.

माझ्याकडे अशा तेवीसशेच्या आसपास पारदर्शिका आहेत, १९७९ ते २००३ या काळातल्या. बऱ्याचशा ओर्वोच्या, कारण तेव्हा पूर्व जर्मनीची ही फिल्म आपल्याकडे सहज मिळायची. काही कोडाक्रोमच्या, ते रोल अमेरिकेतले दीर आणायचे आणि धुवायलाही त्यांच्याबरोबर परत जायचे. शेवटच्या काही वर्षांतल्या फुजीच्या. यातल्या सोळाशे-सतराशे आता उरकल्यात. त्यात जे चुकतमाकत कळलं ते इथे लिहिते. पहिलं सांगायचं तर, शार्पपणा सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका आणि डीपीआयच्या (एका इंचात किती बिंदू वाचायचे त्या) आकड्यात तर नकोच. तो जातो मिलिमीटरात. फिल्म जिथे असायला हवी तिथे नसते, आणि सपाट असायला हवी तशी सपाट नसते.

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. वर्गात प्रोजेक्टरमध्ये पारदर्शिका सरकवली की चित्र आधी लख्ख यायचं, चार-पाच सेकंदांत धूसर व्हायचं, आणि बोलणं न थांबवता माझा हात आपोआप फोकसच्या चकतीवर जायचा. दिव्याच्या उष्णतेने फिल्म फुगायची, म्हणून. इतकी वर्षं रोज हे केलं आणि स्कॅनरसमोर बसल्यावर मात्र फिल्म म्हणजे सपाट कागद असल्यासारखी वागले.

आकड्याचं काय करायचं

३५ मिमी फिल्मवरचं चित्र ३६ बाय २४ मिमी. ते ४००० डीपीआयने वाचलं तर साधारण ५६७० बाय ३७८० बिंदू होतात, म्हणजे दोन कोटींच्या थोडं वर. ६४००ने वाचलं तर साडेपाच कोटी, आणि १६ बिटची टिफ फाइल सुमारे ३३० एमबीची. पण खोक्यावरचा आकडा म्हणजे स्कॅनर किती बारीक पावलं टाकतो तो. प्रत्येक पावलाला त्याला नवीन काही दिसतं की नाही हे त्याच्या भिंगावर आणि फोकसवर ठरतं. ६४०० लिहिलेल्या सपाट स्कॅनरमधून प्रत्यक्षात १५०० ते २४०० डीपीआयएवढाच तपशील हाती लागतो. खास फिल्मसाठी केलेल्या स्कॅनरची गोष्ट वेगळी. निकॉनचा 'कूलस्कॅन ५०००' हा स्कॅनर चार हजार डीपीआय म्हणायचा आणि जवळजवळ तेवढं द्यायचा, कारण त्यात प्रत्येक फ्रेमसाठी स्वतः फोकस करणारं भिंग होतं. तो आता बनत नाही. चालू स्थितीतला कुणाकडे असेल तर त्याच्याशी मैत्री करा.

आपला स्कॅनर खरोखर किती देतो ते घरीच तपासता येतं. एकच पारदर्शिका, तीही भरपूर बारीकसारीक गोष्टी असलेली, ४८००वर स्कॅन करा. तिची एक प्रत काढून ती २४००च्या मापाला लहान करा, मग पुन्हा ताणून ४८००ला न्या आणि मूळ फाइलशेजारी ठेवून बघा. फरक दिसला नाही तर २४००च्या वरचं सगळं वारं होतं. माझ्या स्कॅनरवर फरक दिसला नाही. तेव्हापासून सपाट स्कॅनरवर मी २४०० ठेवते. फार लाडकं चित्र असेल तर ३२००.

उंची

सपाट स्कॅनरचं भिंग बहुतेक वेळा एका ठरावीक उंचीवर फोकस केलेलं असतं. काचेवर कागद ठेवायचा असेल तर काचेच्या पृष्ठभागावर. फिल्मच्या साच्यासाठी दुसरं भिंग असेल तर काचेच्या दोन-तीन मिलिमीटर वर. पारदर्शिकेच्या प्लॅस्टिकच्या साच्याने ती नेमकी त्याच उंचीवर धरावी अशी अपेक्षा असते. माझ्या साच्याने धरली नव्हती. जवळपास एक मिलिमीटरचा घोटाळा होता.

तो शोधायला मी केलेला उद्योग सांगते, कारण याच्याइतका फायदा पुढे कशानेच झाला नाही. एक टाकाऊ पण सपाट पारदर्शिका घेतली, आकाशाची. आकाश यासाठी की त्यात फिल्मचा दाणा, म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी चित्र बनतं ते, सगळीकडे सारखा दिसतो. तिची एक कड काचेवर टेकवली आणि समोरच्या कडेखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून ती ५ मिमी उचलली. माउंट, म्हणजे फिल्मभोवतीची चौकट, ५० मिमी रुंद असतं, म्हणजे दर १० मिमीला फिल्म १ मिमी वर चढते. स्कॅन केलं. चित्राच्या एका पट्ट्यात दाणा स्वच्छ, दोन्ही बाजूंना हळूहळू पसरत गेलेला. तो स्वच्छ पट्टा टेकलेल्या कडेपासून किती लांब आहे ते मोजलं : साधारण २५ मिमी. म्हणजे तिथली चढण अडीच मिमी, अधिक माउंटच्या जाडीचा अर्धा भाग, सुमारे ०.६. एकूण ३ मिमीच्या जरासं वर. माझा साचा फिल्म २ मिमीवर धरत होता.

मग लग्नपत्रिका कामी आल्या. घरात त्यांचा तोटा नसतो. जाड कागदाच्या अरुंद पट्ट्या कापून साच्याच्या चारही पायांखाली एक-एक वाढवत गेले आणि दर वेळी तोच तुकडा स्कॅन केला. तीन पट्ट्यांवर दवबिंदूचे केस सुटे झाले. सगळे नाही, पण झाले. पट्ट्या साच्याला डिंकाने चिकटवून टाकल्या, त्या आजही तिथेच आहेत. तुमचा साचा फिल्म फार वर धरत असेल तर तो खाली आणता येणार नाही. मग साचा बाजूला ठेवून पारदर्शिका थेट काचेवर पट्ट्यांच्या आधाराने ठेवायची. दोन भिंगांचा स्कॅनर असेल तर सॉफ्टवेअरमध्ये साच्याचा पर्याय निवडलाय की थेट काचेचा, ते आधी बघा. चुकीचं भिंग निवडलं असेल तर पट्ट्यांचा काही उपयोग नाही.

फुगवटा

उंची जमली आणि नवीन दुखणं दिसलं. मधला भाग शार्प, कडा धूसर. दुसरीत उलट.

पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये फिल्म फक्त कडांनी धरलेली असते. तिच्या एका अंगाला जिलेटिनचा थर, दुसऱ्या अंगाला प्लॅस्टिक. हवा कोरडी झाली की जिलेटिन जास्त आक्रसतं आणि फिल्म त्या बाजूला वळते, पापड वाळताना कडा वर घेतो तशी. हे डोळ्यांनी बघता येतं. ट्यूबलाइटखाली पारदर्शिका डोळ्यांच्या पातळीला आडवी धरा आणि फिल्मवर पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बघा. सरळ रेघ दिसली तर फिल्म सपाट. धनुष्य दिसलं तर फुगलेली. मी आता स्कॅन करण्याआधी प्रत्येक पारदर्शिका अशी बघते आणि दोन ढीग करते. सपाट ढीग संध्याकाळभरात संपतो. फुगलेला ढीग बघितला की चहा टाकावासा वाटतो.

याच प्रकाशात दुसरंही बघून घ्या : कुठली बाजू कुठली. तिरक्या उजेडात जी बाजू मंद आणि किंचित उंचसखल दिसते ती इमल्शनची, म्हणजे जिलेटिनच्या थराची, गुळगुळीत चकाकते ती पाठ. कोडाक्रोमवर तर चित्र कोरल्यासारखं उठून दिसतं. पुठ्ठ्याच्या माउंटवर 'धिस साइड टुवर्ड स्क्रीन' छापलेलं असेल तर तीही इमल्शनची बाजू. शक्य असेल तर ही बाजू भिंगाकडे ठेवावी, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा थर येत नाही. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये फिरवून घ्यायचं. हे फिरवायचं विसरू नका. मी विसरले, आणि डावीकडे वळणारी एक वेल काही दिवस उजवीकडे वळत होती. वनस्पतिशास्त्राच्या बाईला हे शोभत नाही.

फुगलेल्या फिल्मला सपाट स्कॅनरवर एकच खरा इलाज आहे : माउंट काढणं. पुठ्ठ्याच्या माउंटची कड पातळ ब्लेडने उकलायची, फिल्म चिमट्याने फक्त कडेला धरून बाहेर काढायची, आणि चापाच्या प्लॅस्टिक माउंटमध्ये किंवा दोन काचांच्या माउंटमध्ये बसवायची. त्याआधी पुठ्ठ्यावर लिहिलेलं सगळं वहीत उतरवून घ्या. ठिकाण, तारीख, फुलाचं नाव. तो पुठ्ठा म्हणजेच त्या फोटोचं जन्मपत्र असतं. काचेच्या माउंटमध्ये फिल्म सपाट राहते, पण गुळगुळीत काच आणि गुळगुळीत पाठ एकमेकींना चिकटल्या की इंद्रधनुषी वळी उमटतात. त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. त्यासाठी एका अंगाला किंचित खरबरीत केलेली काच मिळते, तीच घ्यावी. आणि आपल्या हवेत स्कॅन झाल्यावर फिल्म काचेत कोंडून ठेवू नये. माझ्याकडच्या सगळ्यात जास्त बुरशी लागलेल्या पारदर्शिका काचेच्या माउंटमधल्याच निघाल्या.

पावसाळ्यात दमट हवेत फिल्म जरा सैल पडते, हे खरं. म्हणून ती बाहेर मांडून ठेवायचा विचार माझ्या मनात आला होता. तुमच्या मनात आला तर तो तिथेच सोडा.

कॅमेऱ्याने उतरवणं

दरम्यान मी शंभर पारदर्शिका शहरातल्या एका दुकानात स्कॅन करायला दिल्या होत्या. कडांना पांढऱ्या रेघा ओढल्यासारखे फोटो परत आले. धूसर स्कॅन करून वरून सॉफ्टवेअरने शार्प केलेले. केसांच्या जागी तारा. पैसे गेले, पण पारदर्शिका शाबूत आल्या. त्यानंतर मी भाच्याचा जुना, २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा मागून घेतला आणि त्याला ६० मिमीचं मॅक्रो भिंग लावलं. फुगलेल्या ढिगासाठी हाच मार्ग सगळ्यात बरा ठरला, कारण इथे फोकस आपल्या हातात असतो.

स्टँड म्हणून जुन्या एन्लार्जरचा, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राचा, खांब वापरला. एक स्टुडिओ बंद होत होता, तिथे तो भंगारात निघाला होता. वजनदार, न हलणारा, वरखाली सरकणारा. या कामाला याहून चांगलं काही मिळणार नाही. एन्लार्जरचं डोकं काढलं आणि तिथे कॅमेरा तोंड खाली करून बसवला. खाली एलईडी पॅनल, ज्याचा रंगदर्शक निर्देशांक म्हणजे सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५च्या वर आहे असा. पॅनलच्या वर पाच-सहा सेंटिमीटर अंतर सोडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, आणि त्यावर पारदर्शिका बसेल एवढी खाच कापलेला काळा पुठ्ठा. पारदर्शिका आणि दिवा यांच्यात अंतर हवंच, नाहीतर पॅनलवरचे ठिपके आणि धूळ फोटोत येतात. काळा पुठ्ठा यासाठी की बाजूने येणारा उजेड भिंगात शिरला की काळं राखाडी होतं आणि शार्प चित्रसुद्धा फिकट, मऊ दिसतं. खोलीतला दिवाही बंद. मी हे काम रात्रीच करते.

कॅमेरा आणि पारदर्शिका एकमेकांना समांतर आहेत का, हे पाणपातळीने नका बघू. पारदर्शिकेच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, बघा. भिंगाच्या काळ्या गोलाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं की समांतर. जरा इकडेतिकडे असेल तर कॅमेरा किंचित कलवत ते मध्यावर आणा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते केलं नाही तर एक कोपरा कायम धूसर राहील आणि तुम्ही फिल्मला दोष देत बसाल.

भिंगाच्या छिद्राचं गणित थोडं सांगते. एफपुढचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. या अंतरावर एफ ८ला फोकसची खोली जेमतेम अर्धा मिमी असते. माझ्या फुगलेल्या पारदर्शिकांमध्ये मध्य आणि कड यांच्यात अर्धा ते पाऊण मिमीचा फरक निघाला. मग छिद्र आणखी बारीक करून एफ १६ घ्यावं असं वाटतं. घेऊ नका. इतक्या जवळून फोटो काढताना छिद्र प्रत्यक्षात आणखी बारीक असल्यासारखं वागतं, एफ १६चं जवळपास २६ होतं, आणि प्रकाश त्याच्या कडांवर पसरून सगळंच चित्र समान धूसर करतो. सपाट फिल्मला एफ ५.६, फुगलेलीला एफ ८, त्यापुढे नाही. फोकस मध्यावर न करता मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे करायचा. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, चित्रातल्या फुलावर नाही तर फिल्मच्या दाण्यावर. फुगवटा त्याहून जास्त असेल तर कॅमेरा न हलवता दोन फोटो काढते, एक मध्यावर फोकस करून, एक कडेवर, आणि ते संगणकावर जोडते. दवबिंदूचं शेवटी तसंच करावं लागलं.

मग हादरे. आयएसओ १०० ठेवलं की माझ्या पॅनलच्या उजेडात पाव सेकंदाचं एक्स्पोजर येतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा मिक्सर लागला तरी चित्र हलतं. पंखा बंद, दोन सेकंदांचा टायमर, आणि आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा असेल तर लाइव्ह व्ह्यूमधूनच फोटो. आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप दहाला बंद होतो, त्यानंतर मी बसते. एलईडीची तीव्रता मात्र कमी करू नका. स्वस्त पॅनल मंद केलं की लुकलुकतं आणि फोटोत आडवे पट्टे येतात. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा. कोडाक्रोमच्या गडद सावल्यांसाठी एक फोटो जास्त एक्स्पोजरचा काढून ठेवला की पुढे सोयीचं जातं.

धूळ आणि बुरशी

नियम एक : आधी स्कॅन, मग स्वच्छता. जशी आहे तशी एक प्रत पदरात पडली की पुढे काही बिघडलं तरी सगळं जात नाही.

धुळीला रबरी ब्लोअर पुरतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे ठिपके जिलेटिनवर बसतात. डब्यातली दाबाची हवा वापरली तर कधीकधी त्यातून द्रव उडतो, म्हणून मी ती वापरत नाही. ब्लोअरने न निघणारा कण मऊ ब्रशने, आणि हात सुती मोज्यात.

बुरशी वेगळी. भिंगातून ती झाडाच्या मुळांसारखी दिसते, आणि एका अर्थी तसंच चाललेलं असतं : ती जिलेटिन खात खात पसरते. तिने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. हे मी वाचलं होतं आणि तरीही एका हबे आमरीच्या पारदर्शिकेवर डिस्टिल्ड वॉटरचा ओला कापूस फिरवला. म्हटलं, जरासा. फुलाची एक पाकळी कापसावर आली. गुलाबीसर डाग. त्या जागी आता स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिक आहे.

तेव्हा पाणी नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळतं. त्याने आधी एखाद्या टाकाऊ पारदर्शिकेच्या कोपऱ्यावर तपासून बघा, मग पाठीकडच्या बाजूवर, आणि इमल्शनवर अगदीच गरज असेल तरच, न घासता. सॅनिटायझर चालत नाही. त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. खिडकी उघडी, जवळ निरांजन-उदबत्ती काही नको. बुरशीने जे खाल्लंय ते कशानेच परत येत नाही, फक्त वरची जाळी निघते.

सॉफ्टवेअरला काय करू द्यायचं

बऱ्याच स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ काढण्याची सोय असते, डिजिटल आइस या नावाने ती जास्त ओळखीची आहे. कल्पना सुरेख आहे. फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि धूळ नसते. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये जे दिसतं ते चित्र नाही, कचरा आहे, तो भरून काढायचा. ओर्वो आणि फुजीवर माझा अनुभव चांगला. कोडाक्रोमवर जपून, कारण तिच्या गडद भागांत इन्फ्रारेड अडतं आणि यंत्र चित्रालाच कचरा समजून पुसायला लागतं. बारीक फांद्या, केस, अक्षरं पहिल्यांदा जातात. चांदीच्या कृष्णधवल पारदर्शिकांवर तर ती बंदच ठेवायची. आणि कॅमेऱ्याने उतरवताना ही सोय नसतेच. तिथे डाग हाताने काढत बसावं लागतं.

स्कॅन करताना शार्पनिंग बंद. स्कॅनरबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते बहुधा आपोआप चालू असतं. व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट अशा वेगळ्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्येही एकदा बघून घ्या. ते चालू असलं की उंचीची चाचणीसुद्धा फसते, कारण धूसर चित्रही कडक दिसतं. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, रंग-उजेड लावून झाल्यावर, आणि मूळ फाइलच्या प्रतीवर. कॅमेऱ्याच्या फाइलला मी अनशार्प मास्क १०० ते १२० टक्के, रेडियस १ पिक्सेल, थ्रेशोल्ड ३ लावते. सपाट स्कॅनरच्या फाइलला रेडियस दीडपर्यंत नेते. बघायचं शंभर टक्क्यांवर. कडांना पांढरी किनार दिसली की हात मागे घ्यायचा.

पण दाणा दिसतोय ना?

कुठे थांबायचं याचं माझं माप एकच आहे. चित्र शंभर टक्क्यांवर उघडायचं आणि मध्य, मग चारही कोपरे बघायचे, फूल विसरून. पाचही ठिकाणी फिल्मचा दाणा सुटा दिसला तर फिल्मवर होतं ते सगळं तुम्ही उचललंत. याच्यापुढे स्कॅनर बदलून काही मिळत नाही.

टोपली कारवीच्या एका कोडाक्रोमवर मी तीन रात्री घालवल्या. फूल काही केल्या शार्प होईना. आरसा ठेवून पुन्हा समांतर केलं, माउंट बदललं, दोन फोटो जोडले, पॅनलखाली गादीचा तुकडा घातला. चौथ्या रात्री फूल सोडून आकाशाचा कोपरा मोठा करून बघितला. दाणा मोहरीसारखा वेगवेगळा. चारही कोपऱ्यांत. मग वही काढली, जिच्यात पुठ्ठ्यावरचा मजकूर उतरवून घेतला होता. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : कास, सप्टें. ९१, १/१५ सेकंद, वारा फार.

दवबिंदूचे केस मात्र आले. एका पानाच्या डाव्या कडेला अडकलेल्या चिलटाच्या पंखातल्या शिराही आल्या, ज्या वर्गाच्या भिंतीवर मला कधी दिसल्या नव्हत्या.

झालेल्या पारदर्शिका मी हवाबंद डब्यात ठेवते, तळाला सिलिका जेल. डब्यात आर्द्रता मोजायचा छोटा काटा ठेवलाय, तो ३० ते ४०च्या दरम्यान राहिला पाहिजे. वर सरकला की जेल तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरते, अर्थात पोळ्यांच्या तव्यावर नाही. फाइलला नाव देताना वर्ष, ठिकाण, वनस्पती आणि वहीतला क्रमांक, याच क्रमाने. टिफ दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक भाच्याकडे पुण्याला. फुगलेल्या ढिगातल्या अजून सहाशेच्या आसपास शिल्लक आहेत. त्यात कंदीलपुष्पं बरीच आहेत, आणि त्यातल्या काहींच्या पाकळ्यांनाही केस असतात.